आधी ऊन, मग दाणा

मार्व्याहून मनोरीला येणाऱ्या फेरीबोटीत रविवारी संध्याकाळी सगळं गाव भेटतं. मालाडहून आणलेल्या भाजीच्या पिशव्या, मोटारसायकली, सासरी-माहेरी निघालेल्या बायका, किनारा बघायला आलेली पोरं. दोन वर्षांपूर्वीच्या अशाच एका रविवारी माझ्या चुलतभावाची मुलगी मांडीवर प्लास्टिकचा डबा धरून बसली होती. डब्याच्या तळाशी दोन बोटं पाणी, मधे प्लास्टिकचं बेट, बेटावर प्लास्टिकचा माड आणि माडाखाली दहा रुपयांच्या नाण्याएवढं हिरवं कासव.

“दुकानदार म्हणाला, सकाळी दोन दाणे, संध्याकाळी दोन दाणे. बाकी काही लागत नाही, काका,” तिनं सांगितलं.

त्या एका वाक्यातलं एकच काम ती बिचारी नेमानं करत राहिली. महिन्याभरात कासवाचे डोळे सुजून मिटले, पाठ बोटानं दाबली तर दबायला लागली. तेव्हापासून मी या विषयाच्या मागे लागलो. पशुवैद्यांशी बोललो, वर्षानुवर्षं कासवं सांभाळणाऱ्यांना भेटलो, मिळेल ते वाचलं. जिथे जिथे मी विचारलं तिथे लोकांचा पहिला प्रश्न तोच होता: पिल्लाला खायला काय घालायचं? आता माझं ठाम मत आहे की हा प्रश्न तिसरा आहे. त्याच्या आधी दोन प्रश्न येतात, आणि त्यांची उत्तरं चुकली तर जगातला कुठलाही दाणा पिल्लाला वाचवत नाही.

पहिला प्रश्न: हे कासव कोणतं?

आमच्यासारख्या गावात कासवाचं पिल्लू तीन वाटांनी घरात येतं. एक दुकानातून, दुसरं विहिरीतून, डबक्यातून किंवा शेताच्या चिखलातून, आणि तिसरं समुद्रावरून. तिन्हींना आपण कासवच म्हणतो. पण तिघांचं जगणं, खाणं आणि कायद्यातलं स्थान इतकं वेगळं आहे की एकाचा सल्ला दुसऱ्याला दिला तर जीव जातो.

दुकानातलं कासव ओळखायला सोपं. हिरव्या पाठीवर पिवळ्या रेघा, पोटाकडे पिवळ्या कवचावर काळे ठिपके, आणि डोळ्यामागे कानाच्या जागी लाल पट्टा. इंग्रजीत रेड-इअर्ड स्लायडर, म्हणजे लाल कानाचं कासव. हे मूळ अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं. आपल्याकडे बाजारात विकली जाणारी बहुतेक पिल्लं याच जातीची असतात.

विहिरीत किंवा भातखाचरात सापडणारं चपटं, मातकट-हिरवट कासव बहुधा मऊ पाठीचं असतं. त्याच्या पाठीवर कातडी असते आणि मागचे पाय आत घेतले की खालून कातडीची झडप बंद होते. ते आपलं, इथलं. उन्हाळ्यात तळं आटलं की ते चिखलात गाडून घेतं आणि पावसाची वाट पाहतं. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याचं नाव आहे. पिवळ्या चांदण्यांच्या नक्षीचं, उंच पाठीचं तारा-कासवही आता त्याच अनुसूचीत आहे. २०१९ साली वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या करारातही त्याला सर्वांत कडक संरक्षणाच्या पहिल्या परिशिष्टात घातलं गेलं. तरीही ते ‘घरात लक्ष्मी येते’ म्हणून चोरून विकलं जातं. पहिल्या अनुसूचीतला प्राणी पकडला किंवा बाळगला तर तीन ते सात वर्षं कैद आणि किमान २५,००० रुपये दंड आहे. दंडाची ही रक्कम २०२२ च्या दुरुस्तीनं वाढवली आणि ती दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. कासव विकत घेतलं की सापडलं, यानं कायद्याला फरक पडत नाही.

शंकराच्या देवळात नंदीजवळ जमिनीत कोरलेलं कासव असतं. त्याला आपण नमस्कार करतो आणि मगच गाभाऱ्याकडे जातो. त्या कासवाची पूजा करणाऱ्या माणसानं जिवंत कासव पैशाच्या आशेनं टबात कोंडावं, हे मला पटत नाही. पितळेचं कासव तांदळात ठेवायचं असेल तर खुशाल ठेवा.

तिसरी वाट समुद्राची, आणि मनोरीकरांनी ती नीट समजून घ्यायला हवी. ऑलिव्ह रिडले या सागरी कासवाची मादी महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते. साधारण दीड-दोन महिन्यांनी पिल्लं बाहेर येतात. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं वेळासमध्ये गावकऱ्यांना बरोबर घेऊन ही घरटी राखायला सुरुवात केली. आज तिथला कासव महोत्सव सगळ्यांना ठाऊक आहे. २०१८ च्या मार्चमध्ये तर आपल्या मुंबईत, वर्सोव्याच्या किनाऱ्यावर, सुमारे ८० पिल्लं समुद्राकडे जाताना दिसली. वर्सोवा ते मनोरी हे अंतर कासवाच्या दृष्टीनं काहीच नाही.

सागरी पिल्लू चार-एक सेंटिमीटरचं, काळपट असतं आणि त्याला पाय नसतात, वल्ही असतात. हीच खूण लक्षात ठेवा: बोटं आणि नखं दिसणारा पाय असेल तर गोड्या पाण्यातलं, वल्हं असेल तर समुद्राचं. असं पिल्लू वाळूत चुकलेलं दिसलं की आपला माणूस काय करतो? दया येते म्हणून बादलीत नळाचं पाणी भरतो, पिल्लू त्यात सोडतो आणि वर भाताची शितं टाकतो. यातली प्रत्येक गोष्ट घातक आहे. अंड्यातून निघालेल्या पिल्लाच्या पोटात बलकाचा उरलेला साठा असतो. पहिल्या काही दिवसांच्या अखंड पोहण्याची शिदोरी तीच. त्याला भरवायची गरजच नसते. बादलीत फेऱ्या मारून ते ती शिदोरी संपवून बसतं आणि नंतर समुद्रात सोडलं तरी थकलेलं असतं. त्याला पाण्यात नव्हे, ओलसर वाळूच्या उघड्या टोपलीत सावलीला ठेवा आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. जाळ्यात मोठं कासव आलं तर जाळं कापून सोडा. अशा वेळी जाळ्याच्या नुकसानीपोटी २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना राज्य सरकारनं २०१८ च्या अखेरीस आणली आहे, आणि कांदळवन कक्ष ती राबवतो. आपल्या कोळी बांधवांपैकी अजून कित्येकांपर्यंत ती पोचलेली नाही.

तेव्हा घरात वाढवायचा प्रश्न उरतो तो एकाच पिल्लाचा, लाल कानाच्या. ते परदेशी असल्यामुळे आपल्या संरक्षित प्राण्यांच्या यादीत नाही. पण ते सरळ मार्गानं आलेलं असतं, असं समजू नका. परदेशातून जिवंत प्राणी आणायला परवाना लागतो. चेन्नईच्या विमानतळावर प्रवाशांच्या बॅगांतून अशी पिल्लं शेकड्यांनी, हजारांनी पकडली गेली आहेत. म्हणून नवं विकत घ्यायचं की नाही, असं कुणी विचारलं तर मी ‘नको’ म्हणतो. पुढचं सगळं आहे ते ज्यांच्या घरात पिल्लू आधीच आलंय त्यांच्यासाठी.

दुसरा प्रश्न ऊन आणि उबेचा.

‘ऊन खाणं’ हा आपला शब्दप्रयोग कासवाच्या बाबतीत शब्दशः खरा आहे. कासवाला स्वतःची ऊब नाही, ती बाहेरून घ्यावी लागते. पोटातलं अन्न पचतं ते त्या उबेवर. पाणी गार असेल तर पिल्लू खातच नाही, आणि खाल्लंच तर ते आत कुजतं. नव्या पिल्लासाठी पाणी २५ ते २८ अंश आणि ऊन खायच्या जागेवर ३२ ते ३५ अंश ही मापं जवळपास सगळे जाणकार एकमुखानं सांगतात. मुंबईत बाराही महिने उकडतं, मग हीटर कशाला, असं मलाही वाटायचं. पण डिसेंबर-जानेवारीत खाडीवरून वारा सुटतो त्या पहाटे टबात हात घालून बघा. दोन बोटं पाणी हवेबरोबर लगेच थंड पडतं. पाणी जितकं जास्त, तितका उबेतला चढउतार कमी.

उन्हाचा दुसरा भाग दिसत नाही. सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांपैकी ‘यूव्हीबी’ नावाच्या पट्ट्यामुळे कासवाच्या कातडीत ड जीवनसत्त्व तयार होतं. ते नसेल तर पोटात गेलेलं कॅल्शियम अंगी लागत नाही. हाडं आणि कवच मऊ पडतं, कडा वर वळतात, पाय लुळे होतात. आमच्या पिल्लाचं तेच झालं होतं. खिडकीशी ठेवलं होतं, ऊन भरपूर येत होतं, पण ते काचेतून येत होतं. साधी काच यूव्हीबी अडवते. प्रकाश आणि उष्णता आत येते, औषध बाहेरच राहतं. मला वाटतं, मुंबईच्या फ्लॅटमधली निम्मी पिल्लं या एका काचेमुळे मरतात. हा आकडा मोजलेला नाही, माझा अदमास आहे, पण ज्या ज्या घरात मेलेल्या पिल्लाची गोष्ट ऐकली तिथे टब खिडकीच्या आतच होता.

मनोरीत आपल्याकडे अजून अंगण आहे, ओटा आहे. रोज सकाळी अर्धा तास पिल्लाला पसरट टबात बाहेर ठेवा. टबाचा अर्धा भाग सावलीत हवाच. भर उन्हातलं थोडं पाणी पंधरा-वीस मिनिटांत इतकं तापतं की पिल्लू शिजून मरतं. वर जाळी घाला, कारण कावळा, घार, मांजर आणि मुंगूस सगळे टपलेले असतात. जून ते सप्टेंबर ऊन मिळत नाही, तेव्हा यूव्हीबीची नळी किंवा दिवा लागतो. तो दिसायला चालू असला तरी त्यातले उपयोगी किरण सहा महिने ते वर्षभरात ओसरतात, म्हणून बदलावा लागतो. पिल्लू स्वस्त आणि दिवा महाग असतो. दुकानदार दिव्याचं नाव काढत नाही याचं कारण हेच असावं.

आता पाणी. खोल पाण्यात पिल्लू बुडेल या भीतीनं लोक ते दोन बोटांवर ठेवतात. खरं उलट आहे. पाणी निदान कवचाच्या रुंदीइतकं खोल हवं, म्हणजे उलटं पडलं तर पिल्लाला पाण्यात वळून सुलटं होता येतं. उथळ पाण्यात ते पाठीवर अडकतं आणि तिथेच गुदमरतं. जोडीला सहज चढता येईल अशी कोरडी जागा हवी. एखादं लाकूड, कौलाचा तुकडा, काहीही चालेल, फक्त खरखरीत असू द्या. नळाचं पाणी चोवीस तास उघडं ठेवून मग वापरा, क्लोरीन उडून जाईल. आपल्याकडे काही विहिरींचं पाणी मचूळ असतं, ते इतक्या लहान पिल्लाला नको. समुद्रावरून आणलेले छोटे खडे, शिंपले, कवड्या टबात घालायची मुलांना फार हौस. पिल्लाच्या डोक्याहून लहान असलेला कुठलाही खडा ते गिळतं आणि आतडं तुंबतं. हे सांगितलं की मुलं ऐकतात. आमच्या घरातल्या मुलीनं स्वतः सगळे खडे काढून अंगणातल्या तुळशीपाशी मांडले.

पाणी घाण होण्याचं प्रमाण पाहून नवखा माणूस हबकतो. कासव पाण्यातच खातं आणि पाण्यातच घाण करतं. त्या घाणीतून अमोनिया सुटतो, तो डोळे आणि कातडी जाळतो. फिल्टर असेल तर त्यात काही आठवड्यांनी अमोनिया पचवणारे जिवाणू वस्तीला येतात. म्हणून फिल्टरचा स्पंज नळाखाली खसाखसा धुऊ नये, टाकीतल्याच काढलेल्या पाण्यात पिळावा. फिल्टर नसेल तर रोज पाणी बदलण्याला पर्याय नाही. उन्हाळ्यात गोडं पाणी जपून वापरणाऱ्या आपल्या गावात हा खर्च आधीच मनात धरा. काढलेलं पाणी माडाला किंवा फुलझाडांना घाला, त्यांना ते मानवतं. भाजीच्या आळ्यात मात्र नको. कारण पुढे येईल.

इतकं झाल्यावर मग खाणं.

घरी आणल्यावर पहिला दिवस काहीच देऊ नका. अनोळखी जागा, हेलकावे, आवाज यांनी ते बिथरलेलं असतं. हातात घेऊन सगळ्या आळीला दाखवायचा मोह आवरा. टबाची एक बाजू झाकून अंधारी ठेवा, वर थोडं शेवाळ किंवा पाणवनस्पती सोडा, लपायला जागा मिळते. दुसऱ्या दिवशी दाणा टाका. अगदी नुकतं अंड्यातून निघालेलं असेल तर पोटातला बलक पुरेपर्यंत कित्येक दिवस ते तोंड लावत नाही. उबदार पाणी आणि ऊन असेल तर चार-सहा दिवसांच्या उपासानं घाबरू नये. आठवड्यानंतरही खात नसेल, डोळे मिटलेले असतील, तर मात्र थांबू नये.

न खाणाऱ्या पिल्लाला हलणारं काहीतरी दिसावं लागतं. डासांच्या अळ्या, छोटं गांडूळ बारीक करून, किंवा पाण्यात वळवळणारे ट्यूबिफेक्सचे किडे. गांडूळ खत किंवा औषध न मारलेल्या मातीतलं घ्या. हे कासव पाण्याबाहेर घास गिळू शकत नाही, तोंडात धरून पाण्यात जातं आणि मगच गिळतं. हातावर ठेवलेलं खात नाही म्हणून रुसायचं कारण नाही.

पिल्लूपणी हे कासव मांसाहाराकडे झुकलेलं असतं, मोठं होईल तसं पाल्याकडे वळतं. त्यामुळे पहिल्या वर्षात कासवांसाठीचे चांगले दाणे हा आहाराचा कणा. पाकिटावर प्रथिनं ३५ ते ४० टक्के आहेत का, कॅल्शियम आहे का, हे वाचा. दुकानात पिल्लाबरोबर फुकट देतात त्या पुडीत बहुधा नुसती वाळवलेली कोळंबी असते. तो पूर्ण आहार नव्हे. किती द्यायचं, यावर दोन मतं आहेत. एक म्हणतं, पिल्लाचं डोकं पोकळ धरलं तर त्यात मावेल एवढं. दुसरं म्हणतं, दहा-पंधरा मिनिटांत संपेल तेवढं. मला पहिलं माप बरं वाटतं. कारण ही कासवं माणूस दिसला की काचेला टोचा मारत मागतच राहतात, आणि मागणं म्हणजे भूक असं धरणाऱ्या प्रेमळ घरात पिल्लू भराभर फुगतं. पाठ उंचसखल होते, पायाच्या खाचांतून चरबी बाहेर येते. पहिलं वर्षभर रोज एकदा, मग एक दिवसाआड पुरे.

दाण्यांसाठी वेगळा टब करावा का, यावरही वाद आहे. केल्यानं मुख्य टाकी स्वच्छ राहते. पण रोज उचलाउचल केली की काही पिल्लं बुजतात आणि खाणंच सोडतात. आपलं पिल्लू कसं वागतं ते पाहून ठरवावं.

आता मासळी. मनोरीत राहणाऱ्याला हा मुद्दा टाळता येणार नाही, कारण ओट्यावर जवळा वाळत असतो आणि कासवाला चिमूटभर टाकायला हात आपोआप जातो. मीठ लावलेली कुठलीही सुकी मासळी पिल्लाला देऊ नका. साधा वाळवलेला जवळा द्यायचाच असेल तर गोड्या पाण्यात भिजवून, दोनदा धुऊन, आठवड्यातून एकदा, चव म्हणून. रोज नुसती कोळंबी किंवा माशाचा तुकडा खाणाऱ्या पिल्लाला फॉस्फरस भरपूर मिळतो आणि कॅल्शियम नाही. शिवाय काही माशांत आणि कोळंबीत ब-१ जीवनसत्त्व मोडणारा घटक असतो. अ जीवनसत्त्व तर मिळतच नाही, आणि त्याच्या अभावी डोळ्यांच्या पापण्या सुजतात. पिल्लू आंधळं झालं असं वाटतं. दिसत नाही म्हणून खात नाही, खात नाही म्हणून आणखी खंगतं. आमच्या पिल्लाचे डोळे यामुळेच मिटले होते.

समुद्र एक चांगली गोष्ट मात्र फुकट देतो. माकुलाच्या पाठीतला पांढरा, हलका पाटा, ज्याला आपण समुद्रफेन म्हणतो, तो भरतीच्या रेषेवर पडलेला असतो. दुकानात तोच ‘कटलबोन’ म्हणून पाकिटात मिळतो. किनाऱ्यावरून आणलेला समुद्रफेन दोन-तीन दिवस गोड्या पाण्यात बदलून बदलून भिजवा, उकळा, उन्हात वाळवा, मागचा कडक पापुद्रा काढून टाका आणि तुकडा टाकीत तरंगत सोडा. पिल्लू हवा तेव्हा कुरतडतं. कॅल्शियम मिळतं, चोचही घासली जाते. आपल्या आज्या हाच समुद्रफेन औषधाला जपून ठेवायच्या.

पाला पहिल्या दिवसापासून समोर ठेवावा. खाणार नाही, तरी ठेवावा, म्हणजे सवय होते. जास्वंदीची पानं-फुलं, शेवग्याचा कोवळा पाला, तुतीची पानं, किसलेला लाल भोपळा आणि गाजर चालतं. गुरांसाठी शेतकरी वाढवतात तो अझोला टबात सोडला तर तोच सावली देतो आणि तोच खाऊ होतो. पालक आणि अळू टाळा, त्यांतलं ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून टाकतं. भात, पोळी, पाव, बिस्कीट, दूध, फरसाण यातलं काहीही नको. प्रेमानं घातलेला पोळीचा तुकडा पिल्लाच्या पोटात नुसता कुजतो.

दर आठवड्याला पिल्लाचं वजन करा. सोन्याच्या किंवा मसाल्याच्या बारीक डिजिटल काट्यावर दहा ग्रॅमचा जीवही मोजता येतो. वजन सलग दोन आठवडे घसरलं, पोहताना एका बाजूला कललं, नाकातून बुडबुडे आले, तोंड उघडं ठेवून श्वास घेऊ लागलं, तर घरगुती उपाय करत बसू नका. वाकडं पोहणं हे बहुतेकदा फुफ्फुसाच्या आजाराचं लक्षण असतं. आपल्याला त्यासाठी फेरी ओलांडून २७२ नंबरची बस धरायची आणि पुढे मुंबईत सरपटणाऱ्या प्राण्यांचे डॉक्टर शोधायचे आहेत. फेरी बंद असली तर उत्तनवरून भाईंदरला वळसा घालायचा आहे. म्हणून डॉक्टर पिल्लू आजारी पडल्यावर नव्हे, ते आणल्याच्या आठवड्यातच शोधून ठेवावा. आणि दुकानातलं ड जीवनसत्त्वाचं किंवा डोळ्यांचं औषध स्वतःच्या मनानं घालू नये. अ जीवनसत्त्वाचा डोस जास्त झाला तर कातडी सोलून निघते.

माणसांच्या आरोग्याचा मुद्दाही इथेच. कासवाच्या अंगावर आणि पाण्यात साल्मोनेला हे जिवाणू असतात. त्याला स्वतःला त्यांचा त्रास होत नाही, आपल्याला जुलाब-ताप होतो, आणि लहान मुलांना तो जिवावर बेतू शकतो. अमेरिकेत १९७० च्या आसपास अशी पिल्लं खेळण्यांच्या दुकानात विकली जायची, मुलं ती तोंडात घालायची. १९७५ साली तिथल्या सरकारनं चार इंचांहून लहान कासवाच्या विक्रीवर बंदी घातली. त्यामुळे वर्षाला सुमारे १ लाख मुलांची लागण टळली, असा तिथल्या आरोग्य यंत्रणेचा अंदाज आहे. आपल्याकडे विकलं जाणारं पिल्लू एक-दीड इंचाचं असतं. म्हणून टब स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धुऊ नका, हात लावल्यावर साबणानं धुवा, पाच वर्षांखालच्या मुलांच्या हाती देऊ नका. कासवाचं पाणी भाजीला नको, तेही याचसाठी.

त्या बंदीची दुसरी बाजू आपल्यापर्यंत येते. बंदी देशातल्या विक्रीवर होती, निर्यातीवर नव्हती. लुइझियानातल्या कासव-शेतांनी पिल्लं बाहेर पाठवायला सुरुवात केली. १९८९ ते १९९७ या काळात पाच कोटींहून अधिक पिल्लं जगभर गेली. ती मोठी झाली, घरात मावेनाशी झाली आणि लोकांनी ती तळ्यांत सोडली. युरोपीय संघानं १९९७ साली आयात थांबवली. जपाननं २०२३ च्या जूनपासून विक्री आणि सोडून देणं दोन्ही बंद केलं, पण आधीच घरात असलेली पाळायला मुभा ठेवली, कारण नाही तर लोक घाबरून एकदम सगळी सोडून देतील. हा विचार मला शहाणपणाचा वाटतो. जगातल्या सर्वांत उपद्रवी १०० परक्या जीवांच्या यादीत या कासवाचं नाव आहे. केरळात तळ्यांत ती सापडू लागल्यावर त्रिशूरजवळच्या वन संशोधन संस्थेनं लोकांना ती आणून देण्याचं आवाहन केलं.

आपल्या महाराष्ट्रात काय पणाला लागलंय, तेही सांगायला हवं. दख्खनच्या नद्यांत लीथचं मऊ पाठीचं कासव राहतं. मुंबईत काम केलेल्या लीथ नावाच्या डॉक्टरावरून १८७२ साली त्याचं नामकरण झालं. आज ते इतकं दुर्मीळ आहे की २०२२ साली त्याच आंतरराष्ट्रीय कराराच्या पनामातल्या परिषदेत भारतानं प्रस्ताव मांडून त्याला व्यापारबंदीच्या पहिल्या परिशिष्टात घालून घेतलं. अशा कासवाच्या नदीत मुळा-मुठेच्या पुलावरून कुणी पिशवीभर लाल कानाची कासवं रिकामी केली, तर ती ऊन खायच्या जागा आणि खाणं दोन्ही बळकावतात, सोबत आपले रोगही देतात. देवळाच्या तळ्यात कासव सोडून पुण्य लागतं, ही समजूत याच वाटेनं जाते.

ती सोडायची वेळ का येते, त्याचा हिशेब असा आहे. तीन सेंटिमीटरचं पिल्लू मादी निघालं तर पाठ २५ सेंटिमीटरांहून लांब होते. कवचाच्या दर इंचाला ४० लिटर पाणी, असं ढोबळ माप धरलं तर तिला ४०० लिटरची टाकी लागते. घरावर चढवलेल्या काळ्या टाकीएवढी. आणि ती वीस-तीस वर्षं जगते, कधी त्याहूनही जास्त. मूल दहा वर्षांचं असताना आणलेलं कासव त्याच्या लग्नानंतरही घरात असेल. दुकानदारानं हे सांगितलं असतं तर आमच्या मुलीनं ते आणलं असतं का, असं मी तिला एकदा विचारलं. ती नाही म्हणाली.

आमचं पिल्लू वाचलं. डोळे उघडायला डॉक्टरांच्या औषधानं तीन आठवडे लागले, कवच घट्ट व्हायला सात महिने. एका कडेला ते अजून वाकडंच आहे आणि तसंच राहणार. आता ते अंगणातल्या सिमेंटच्या हौदात असतं, वर जाळी आहे, मधे नारळाचा ओंडका आहे. सकाळी आठच्या सुमाराला ते ओंडक्यावर चढून चारही पाय ताणून ऊन खातं आणि मग दाण्याकडे वळतं.

मनोरी, गोराई, कुलवेम, उत्तन इथल्या ज्या घरांत असं कासव आहे आणि आता झेपत नाही, त्यांना हात जोडून विनंती आहे: ते विहिरीत, तळ्यात, खाडीत सोडू नका. हौद असलेल्या, जबाबदार माणसाच्या हाती द्या, किंवा प्राणी सोडवणाऱ्या एखाद्या संस्थेला विचारा. तोवर त्याला रोज सकाळी अर्धा तास अंगणातलं ऊन द्या.